नऊ इंची भिंत

आमच्या शाळेत हजेरी कधी तोंडी झाली नाही. बाईंनी नाव पुकारायचं आणि मुलाने ‘हजर’ म्हणायचं, हा प्रकार आम्हाला परवडणारा नव्हता. मुलं रांगेने बसून हात वर करायची, आम्ही डोळ्यांनी मोजत जायचो आणि ज्याचा हात दिसला नाही तो गैरहजर. कारण नारपोलीतल्या त्या शाळेच्या डाव्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, उजव्या भिंतीला लागून दुसरा आणि मागे बोळ सोडला की तिसरा. वर पत्रे. सकाळी सातला शाळा भरायची तेव्हा रात्रीची शिफ्ट सुटून दिवसाची लागत असायची, तेवढी पाच-दहा मिनिटं काय ती शांतता. तेवढ्यात आम्ही प्रार्थना उरकून घ्यायचो.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, मग तुम्ही शिकवत कशा होतात? मला या प्रश्नाचा राग येतो. कशा म्हणजे, ओरडून. फळ्यावर लिहून, हातवारे करून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, ओठ मोठेमोठे हलवून. कविता टाळ्यांवर बसवायची, पाढे बोटांवर. मुलंही इतकी तरबेज झालेली की मागच्या रांगेतला पोरगा पुढच्या रांगेतल्याशी आवाज न काढता भांडायचा आणि शिव्यांसकट सगळं दोघांना कळायचं. प्रत्येक शिक्षिकेच्या पर्समध्ये ज्येष्ठमधाचा तुकडा. माझं लग्न झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं, हळू बोल, आम्ही काही बहिरे नाही आहोत.” मला हसू आलं होतं. तेव्हा येत होतं.

मी त्याच शाळेत शिकले आणि डी.एड. करून त्याच शाळेत नोकरीला लागले, चौऱ्याऐंशीच्या दंगलीच्या दुसऱ्या वर्षी. या दोन्ही गोष्टी मोठ्या बाईंमुळे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी चौथीत होते तेव्हा त्या माझ्या वर्गशिक्षिका होत्या. आमच्याच बौद्धवस्तीतल्या, त्यांचे वडील वीटभट्टीवर कामाला होते आणि बाईंनीही लहानपणी डोक्यावर विटा वाहिलेल्या. आमच्या वस्तीतून मास्तरीण झालेली पहिली बाई. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. माझं शिक्षण संपवून वडील मला घरी कांड्या भरायला बसवणार होते, सुताच्या कांड्या, लूमला लागणाऱ्या. बाईंना कळलं तशा त्या आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. “हिला डी.एड.ला घालता का बोला. नाहीतर मी इथून उठत नाही.” आईने चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. वडिलांनी हो म्हटल्यावर घेतला, गार झालेला.

म्हणजे मी आज जी काही आहे ती त्या उंबऱ्यावरून आहे. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

शाळेत बाईंचा एक नियम होता. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहायचं आणि तोंडाकडे बघून बोलायचं. पाठमोरं बोललेलं, फळ्याकडे बघत बोललेलं, मान खाली घालून पुटपुटलेलं त्यांना चालत नसे. “माझ्याकडे बघून बोल.” मुलंच काय, आम्ही शिक्षिकाही वचकून असायचो. बाईंची नजर तुमच्या तोंडावरून हलत नसे. नव्याने आलेल्या एका शिक्षिकेला पहिल्या दिवशी रडू आलं होतं त्या नजरेने. आम्ही सगळ्यांनी त्याला शिस्त म्हटलं.

शुक्रवारी आमच्या भागातली लाईट बंद असायची, कारखान्यांना सुट्टी. तो आमचा वाचनाचा दिवस. आठवडाभर न झालेलं सगळं तोंडी काम, शुद्धलेखन, कविता, गोष्टी, त्या एका दिवसात. एरवीही मधेच लाईट जायची. खटखट एकदम थांबली की बाजूच्या कारखान्यातला एक कामगार आमच्या खिडकीशी येऊन बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, “लो बाई, लाइट गया. अब पढ़ाओ.” बाई लगेच घंटा द्यायच्या. घंटा झाली की गणित जागच्या जागी बंद आणि धडा सुरू. एखादा पोरगा अर्धा परिच्छेद वाचतो न वाचतो तोच लाईट यायची आणि त्याचं तोंड नुसतं हलताना दिसायचं.

अशा शाळेला नवीन इमारत मिळणार म्हटल्यावर आम्हाला काय झालं असेल! संस्थेला वस्तीच्या बाहेर, शेतांच्या कडेला जागा मिळाली. आजूबाजूला तेव्हा एकही कारखाना नव्हता. कुदळ मारायचा कार्यक्रम झाला, पेढे वाटले, आणि येताना बाई त्या मोकळ्या जागेत जराशा मागे राहिल्या. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, “किती शांत आहे गं इथे.” गवतात किडे किरकिरत होते, लांबून कुणीतरी बैलाला हाकत होतं. मी म्हटलं, हो.

त्या दिवसापासून बाईंचा जीव त्या इमारतीत अडकला. शाळा सुटली की छत्री घेऊन निघायच्या. मला बरोबर न्यायच्या, कारण मी जवळ राहायचे आणि मला नाही म्हणता यायचं नाही. जोतं झालं, आणि ठेकेदार दुसरं मोठं काम धरून निघून गेला. दोन वर्षं ते जोतं तसंच. आजूबाजूची पोरं त्यावर क्रिकेट खेळायची, बायका पापड वाळवायच्या. मी वैतागले होते. रोज जाऊन त्या जोत्याकडे काय बघायचं! पण बाई जायच्या. पावलांनी मोजून सांगायच्या, ही पहिली, ही दुसरी, इथे माझी खुर्ची. तिथे एक म्हातारा राखणदार होता. त्या बाजूच्या खेड्यातला शेतकरी. ज्या शेतात हे जोतं उभं होतं तिथे त्याने पूर्वी भात लावलेला. तो चेष्टा करायचा, “बाय, आज तरी उगवली का शाला?” बाई हसायच्या.

दुसरा ठेकेदार आला आणि काम पुन्हा लागलं. खांब उभे राहिले, स्लॅब झाला. नकाशा आला तेव्हा बाईंनी तो टेबलावर पसरून अर्धा तास पाहिला आणि थेट संस्थेच्या चिटणीसांकडे गेल्या. दोन वर्गांच्या मधली भिंत साडेचार इंची दाखवलेली होती. बाईंना ती नऊ इंची पाहिजे होती.

“साडेचार इंचाने काय बिघडतं, बाई?” चिटणीस म्हणाले.

“तुम्ही एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसा. मग सांगा.”

चिटणीस भले गृहस्थ होते. आले. तिसरीच्या वर्गात मागे बाकावर बसले, वीस मिनिटं कशीबशी काढली आणि कपाळ दाबत उठले. जाताना दारात बाईंना काहीतरी बोलले. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघून मान हलवली आणि माझ्याकडे वळून नऊ बोटं दाखवली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बटाटेवडे मागवून खाल्ले.

साधारण त्याच सुमाराची गोष्ट. एका शुक्रवारी बाई मला म्हणाल्या, “आजपासून शुक्रवारचं वाचन तू घे. तुझा आवाज चांगला आहे. मी बांधकामावर जाऊन येते.” मला आनंद झाला. मोठ्या बाईंचा वर्ग आपल्याला मिळाला! मग दर शुक्रवारी, कारखाने बंद झाले आणि शाळा ऐकू येण्यासारखी झाली, की बाई छत्री घेऊन बाहेर पडायच्या. या दोन गोष्टींची सांगड मी घातली नाही. घालायला हवी होती, एवढी काही मी मठ्ठ नव्हते.

त्यांनी मला एकदा स्वतःहून सांगितलंही. सुट्टीत डबा खाताना. “हल्ली पोरांचे शब्द मला तुटकतुटक येतात. खटखट डोक्यात बसलीय बघ. घरी गेले तरी चालूच.” मी म्हटलं, “बाई, माझ्याही बसलीय.” खरंच बसली होती. आमच्या गावात ती कोणाच्या डोक्यात नव्हती? बाई म्हणाल्या, “नव्या शाळेत गेलो की उतरेल. हे शुक्रवारचं एका दिवसाचं खरं नाही. कायमची शांतता पाहिजे.” ही कल्पना त्यांना खिडकीतल्या त्या बिडीवाल्या कामगाराने दिलेली होती. तो होळीला गावी जाऊन दोन महिन्यांनी परत यायचा आणि सांगायचा, “मुलुक में कान खुल जाता है, बाई.” सगळे कामगार तसंच म्हणायचे. कानात सुताचा कचरा बसावा आणि झटकला की जावा, तशी आम्ही सगळ्यांनी आमच्या बहिरेपणाची समजूत करून घेतली होती. बाईंच्या कानांचं औषध म्हणजे ती इमारत. म्हणून त्या रोज जायच्या. मी आपली समजत होते, मुख्याध्यापिका आहेत, शाळेची काळजी आहे.

आता विटांचं सांगते. वीटभट्टीवर वाढलेल्या बाईला विटा शिकवायला लागत नाहीत. दोन हातांत दोन विटा घ्यायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. पक्की भाजलेली खणकन वाजते, कच्ची बद्द वाजते. जोत्याच्या वेळी बाईंनी एक आख्खी गाडी अशीच परत पाठवली होती. मुकादम त्यांना टरकून असायचा. वर्गांच्या मधल्या भिंतींचं काम लागलं तेव्हा पुन्हा गाडी आली. मी बाईंबरोबर होते, राखणदारही उभा होता. बाईंनी दोन विटा उचलल्या आणि आपटल्या.

बद्द.

बाईंनी मान हलवली. “पक्की आहे. उतरवा.”

मुकादम एकदा बाईंकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. मग माणसांना खुणावून गाडी खाली करायला लागला. बाई पुढे खिडकीची चौकट बघायला गेल्या. मी मुकादमाला गाठलं आणि असा काही फैलावर घेतला की बाजूच्या बायका घमेली खाली ठेवून बघत राहिल्या. अर्ध्या विटा त्याने बदलून दिल्या. माझं तोंड वाजलं की कामं होतात, हे खरं आहे.

राखणदार माझ्या मागोमाग आला. हळूच म्हणाला, “त्याचा काय दोष न्हाय. बाईंना ऐकाला न्हाय येत. तुला म्हाईत न्हाय का?”

“काहीतरी बोलू नका,” मी म्हटलं.

“मी मागनं हाक मारतो ना, तर वलत पन न्हाईत. पुढं गेलो का मंग बोलतात. माज्या बायकोचा बी असाच झाला व्हता. डाक्टरला दाखव गो तिला.”

मी त्या म्हाताऱ्याला काय बोलले ते आज लिहायलाही लाज वाटते. तुमचं राखणीचं काम करा, आमच्या बाईंची उठाठेव करू नका, असं काहीसं. वडिलांच्या वयाच्या माणसाला. तो पाइप घेऊन भिंतीवर पाणी मारायला गेला.

मला तेव्हा कळलं होतं. तिथेच, त्या क्षणी. ‘माझ्याकडे बघून बोल’, ती नजर, शुक्रवार, सगळं एकदम समोर आलं. आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. बाईंनाही नाही. त्याला मी पुष्कळ कारणं शोधली. संस्थेला कळलं तर बाईंना मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठवतील. मग नवीन इमारतीत दुसरंच कोणीतरी बसेल. निवृत्तीला किती वर्षं राहिली आहेत. आणि कोणी सांगावं, खरंच शांततेत गेल्यावर कान उघडेलही. ही सगळी कारणं चांगली आहेत. खरं कारण असं की ज्या बाईने मला उंबऱ्यावर बसून सोडवून आणलं, तिला ‘तुम्ही बहिऱ्या झाला आहात’ हे तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. जगाशी भांडणारी मी, एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही.

उलट मी मदत करायला लागले. बाईंच्या खोलीत कोणी येणार असलं की आधी मी जायचे. संस्थेच्या बैठकीत बाईंच्या समोरची खुर्ची धरायचे आणि कोणी काही बोललं की तेच ओठ हलवून पुन्हा बोलायचे. बाई कधी काही म्हणाल्या नाहीत. त्यांना वाटत असेल, बरी पोरगी आहे, उत्साही आहे. मला तर मी फार मोठं पुण्याचं काम करतेय असंच वाटत होतं.

असं तीन वर्षं चाललं. भिंती झाल्या, गिलावा झाला, मग फरशी, मग फरशीवाला पळाला, मग दुसरा आला. खिडक्यांना गज बसले. बाईंनी वर्गांच्या दारांना बिजागऱ्यांजवळ रबराच्या पट्ट्या लावून घेतल्या, आपटल्यावर आवाज होऊ नये म्हणून. सुतार म्हणाला, असं काम मी दवाखान्यात केलंय, शाळेत कधी नाही. त्र्याण्णवच्या जूनमध्ये आम्ही तिथे राहायला, हो, राहायलाच म्हणते, गेलो. बाईंच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं.

पहिल्या दिवशी मुलं बिचकली होती. आवारात पाऊल टाकल्यावर सवयीने ओरडून बोलायची आणि आपलाच आवाज ऐकून दचकायची. तासाभरात ती हळू बोलायला लागली. मग आणखी हळू. दुपारपर्यंत वर्गावर्गातून नुसती कुजबुज. कोणी सांगितलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी व्हरांड्यात जाऊन उगाच उभी राहिले.

बाईंनी चौथीचा वर्ग स्वतः घ्यायचा ठरवला होता. पहिला तास, मराठीचा, वाचन. मी दारात उभी होते. बाईंनी नवीन इस्त्रीचं पांढरं पातळ नेसलं होतं. खिडक्या लावून घेतल्या, खुर्चीत बसल्या आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं. मुलगी गुणी होती, आवाज बारीक पण स्वच्छ.

“पहिला धडा वाच, बाळ. सावकाश वाच. आता घाई नाही.”

आणि बाईंनी डोळे मिटले.

इतक्या वर्षांत मी बाईंना मुलांसमोर डोळे मिटलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात मांडीवर, मान जराशी तिरकी, चेहऱ्यावर असं काही की मला बघवेना. मुलीने वाचायला सुरुवात केली. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. कुठे अडली नाही. वर्ग गप्प ऐकत होता. पान संपलं, मुलगी थांबली आणि बाईंकडे बघत उभी राहिली.

बाई तशाच. डोळे मिटलेले. थोडा वेळ गेला. मग मायेने म्हणाल्या, “लाजू नको. कर सुरू.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी दारातून खूण केली, पुन्हा वाच. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी जरा मोठ्याने. वर्गातली दोन-तीन मुलं हसायला लागली होती. मी डोळे वटारले. पान संपलं.

“अगं, वाच ना,” बाई म्हणाल्या. “कोणी रागावणार नाही तुला.”

मुलगी रडवेली झाली. तिसऱ्यांदा तिने जुन्या शाळेत वाचायची तसं वाचलं, गळ्याच्या शिरा ताणून, ओरडून. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिका काय झालं म्हणून बाहेर डोकावल्या, नऊ इंची भिंतीपलीकडून. तो आवाज मात्र बाईंपर्यंत काहीतरी पोचला असावा, कारण त्यांनी डोळे उघडले. मुलीचे ओठ हलताना त्यांना दिसले. तिचे ओघळलेले अश्रू दिसले. मुलांची दाबलेली तोंडं दिसली. मग दारात मी.

बाईंनी मुलीला जवळ घेतलं, “छान वाचलंस,” म्हणाल्या, आणि उरलेला तास फळ्यावर बेरजा घातल्या.

तास संपल्यावर त्या व्हरांड्यात आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “किती वेळा वाचलं तिने?”

“एकदाच, बाई. लाजत होती ती.”

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यानंतर त्यांनी वाचनाचा तास कधी घेतला नाही. बांधकाम संपलं होतं, त्यामुळे शुक्रवारी जायलाही कुठे जागा नव्हती. खोलीत बसून रजिस्टरं लिहायच्या. एवढ्या शांत शाळेत त्या एकट्याच काय ते मोठ्याने बोलायच्या, आणि मुलं मागे त्यांची नक्कल करायची. एकाला मी पकडलं आणि बदडलं. त्याने काय होणार होतं!

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. मीच विषय काढला, ‘जरा दाखवून घेऊ’ एवढंच म्हटलं, आणि बाई निमूट निघाल्या. डॉक्टरांच्या भरघोस मिशांमुळे बाईंना त्यांचे ओठ कळेनात. म्हणून मी बाईंच्या समोर बसले आणि डॉक्टर बोलतील ते ओठ मोठे करून पुन्हा बोलत गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आवाजाने नस गेली आहे, ती परत येत नाही. मशीन लावून बघू, पण फार आशा धरू नका. वेळेत त्या आवाजातून बाहेर काढलं असतं तर निदान उरलेलं टिकलं असतं. हे सगळं मी बाईंना माझ्या तोंडाने सांगितलं. बाई मान हलवत होत्या.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, “तुमच्या कधी लक्षात आलं?”

“माझ्या लक्षात येऊन तीन वर्षं झाली,” मी म्हटलं.

डॉक्टरांना सांगायचं होतं ते. पण इतका वेळ मी बाईंच्या तोंडासमोर बोलत होते, त्या सवयीने तेही मी बाईंकडे बघूनच, सावकाश, ओठ नीट हलवून बोलले. बाईंची मान हलायची थांबली.

एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. शेजारी बसलं की बोलणं होत नाही, समोर लागतं. धामणकर नाक्याला उतरलो. संध्याकाळची वेळ, ट्रक, टेम्पो, रिक्षावाल्यांची ओरड. बाई एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबल्या आणि मला समोर उभं केलं.

“तीन वर्षं?”

मी मान हलवली.

“त्या तीन वर्षांत मी पोरांना मारलंय,” बाई म्हणाल्या. नाक्यावरच्या गोंगाटावर चढलेला त्यांचा आवाज, जाणारी माणसं वळून बघत होती. “तोंडातल्या तोंडात वाचतोस म्हणून. नीट बोलत नाहीस म्हणून. हातावर पट्ट्या मारल्यात. पोरं नीटच बोलत होती ना गं? आणि तू बघत होतीस.”

मी बघत होते. एका मुलाचा हात सुजला होता, तेव्हा त्याच्या आईची समजूत मीच काढली होती. बाई कडक आहेत, पण तुमच्या पोराच्या भल्यासाठीच, असं सांगून. तो मुलगा पुढे शाळेत आलाच नाही. बापाने त्याला लूमवर घातला.

“मला सांगितलं असतंस तर मी खुर्ची सोडली असती,” बाई म्हणाल्या. “इमारत मला नको होती गं. मला पोरं ऐकायची होती.”

मी म्हटलं, “बाई, मला माफ करा. चुकलं माझं.” म्हटलं खरं, पण मान खाली घालून, त्यांच्या चपलांकडे बघत म्हटलं. वर पाहिलं तेव्हा बाई अजून माझ्या तोंडाकडेच बघत उभ्या होत्या, मी काही बोलतेय का म्हणून. मग रिक्षा आली. आम्ही दोघी मागे बसलो.

मेमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या त्यानंतर सहा वर्षं जगल्या. मी दर रविवारी जायचे. समोर बसून, तोंड वर करून, ओठ नीट हलवून त्यांना शाळेचं सगळं सांगायचे, कोण पास झालं, कोणाची नोकरी लागली, गच्ची कुठे गळते. नाक्यावर खाली मान घालून बोललेलं ते एक वाक्य तेवढं मी पुन्हा कधी बोलले नाही.